बर्गन : सुक्या मासळीवर उभं राहिलेलं बंदर

नॉर्वेत ओस्लोहून ट्रेनने जवळजवळ सात तास प्रवास करून बर्गनला उतरलो तेव्हा पाऊस होता, दुसऱ्या दिवशीही होता, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी दोन तास ऊन पडलं तर सगळं गाव धक्क्यावर येऊन बसलं. इथे वर्षातले दोनशेच्या वर दिवस पाऊस पडतो म्हणे. भाऊ ओस्लोला असतो, तो आणि वहिनी, मी आणि माझा नवरा, असे आम्ही चौघं जूनमध्ये गेलो होतो. रात्री अकराच्या पुढेमागे सूर्य मावळतो त्यामुळे घरी जावंसंच वाटत नाही.

फोटोत सगळ्यांनी पाहिलेलं बर्गन म्हणजे ब्रिग्गन, बंदराला लागून लाल, पिवळ्या, पांढऱ्या लाकडी घरांची ओळ. १९७९ पासून हे युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. समोरून फोटो काढून लोक निघून जातात, पण खरं ब्रिग्गन आत आहे. दोन घरांच्या मधल्या बोळात शिरलं की पायाखाली फळ्या, डोक्यावर लाकडी सज्जे, वर माल ओढून घ्यायच्या कप्प्या, आणि ओल्या जुन्या लाकडाचा वास. जमीन खचल्यामुळे घरं एकमेकांवर रेललीत. आत एका मोकळ्या जागेत लाकडात कोरलेला भलामोठा कॉड मासा आहे, त्याच्यापुढे मी बराच वेळ उभी राहिले.

कारण हे सगळं वैभव त्या माशाचं आहे. उत्तरेला लोफोटेन बेटांवर कॉड पकडायचा, डोकं आणि आतडी काढायची, आणि शेपटीला शेपटी बांधून जोडीजोडीने लाकडी मांडवावर लटकवायचा. मीठ नाही काही नाही, नुसत्या थंड वाऱ्यावर तो लाकडासारखा कडक होतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. माझं आजोळ वर्सोव्याच्या कोळीवाड्यात, तिथे वलांडीवर बोंबील घालताना एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवतात, लहानपणी आजीबरोबर मी ते केलंय, म्हणून ते शेपटी बांधायचं वाचल्यावर हात आपोआप तसे हलले. हा सुका कॉड होड्यांतून बर्गनला यायचा आणि त्याच होड्या उत्तरेला धान्य घेऊन जायच्या, कारण तिकडे शेती पिकायची नाही. बर्गन वसवलं १०७० मध्ये राजा ओलाव क्यिरेने असं मानतात, पण या व्यापारावर ताबा मिळवला जर्मन व्यापाऱ्यांनी, हॅन्सियाटिक संघाने. १३६० च्या सुमारास त्यांनी इथे कायमची पेढी टाकली आणि ती जवळपास चारशे वर्षं चालली. त्यांच्या चिन्हात अर्धा गरुड आणि अर्ध्या भागात मुकुट घातलेला सुका कॉड आहे. सुक्या मासळीला मुकुट! आजीला हे सांगायला हवं होतं.

त्या घरांमध्ये राहायचे ते सगळे पुरुष. कोवळी पोरं जर्मनीहून शिकाऊ म्हणून यायची, गावात मिसळायचं नाही, लग्न करायचं नाही. आणि सगळं लाकडाचं म्हणून घरात विस्तव पेटवायचाच नाही, बर्गनच्या हिवाळ्यात सुद्धा. शेगडी, स्वयंपाक, जेवण, सगळं मागच्या वेगळ्या सभागृहात, त्याला श्योत्स्तुएने म्हणतात, ती आजही बघता येतात. तिथल्या लांब बाकांवर बसले तेव्हा दिवसभर गारठ्यात माल मोजून इथे ऊब घ्यायला धावत येणारी पोरंच डोळ्यांपुढे आली. इतकं जपूनही आग लागायचीच. १७०२ च्या आगीत गावाचा मोठा भाग जळाला, आज दिसणारी घरं त्यानंतर जुन्याच पद्धतीने बांधलेली.

१९५५ मध्ये परत आग लागून ब्रिग्गनचा बराच भाग गेला, पण त्या राखेखाली खणल्यावर मध्ययुगातलं गाव सापडलं आणि रून या तिकडच्या जुन्या लिपीत कोरलेल्या शेकडो लाकडी पट्ट्या. पुष्कळशा मालावरच्या नावाच्या चिठ्ठ्या आहेत. एकीवर मात्र लिहिलंय, गीडा म्हणते तू घरी ये. बास, एवढंच.

फिश मार्केट १२७६ पासून आहे पण आता तो टुरिस्टांचा बाजार झालाय, फिश सूप छान मिळालं, बाकी महाग. फनिक्युलरने, म्हणजे डोंगर चढणाऱ्या रेल्वेने, फ्लोयनच्या डोंगरावर मात्र नक्की जा, ३२० मीटरवरून अख्खं बंदर हातात घेतल्यासारखं दिसतं.

तिथून भावाने बंदरातला किल्ला दाखवला आणि सांगितलं की २० एप्रिल १९४४ ला, जर्मनांचा ताबा असताना, तिथे स्फोटकं भरलेली एक डच बोट उडाली. दीडशेच्या वर माणसं गेली, राजा होकूनच्या तेराव्या शतकातल्या सभागृहाच्या नुसत्या भिंती राहिल्या, बोटीचा नांगर डोंगरावर जाऊन पडला. मी तारीख परत विचारली. मुंबईच्या गोदीतला स्फोट १४ एप्रिल १९४४ चा, आणि त्याच्या गोष्टी आजीकडून ऐकतच मी मोठी झाले. सहा दिवसांच्या अंतराने जगाच्या दोन टोकांची दोन बंदरं.

शेवटच्या दिवशी मी हट्टाने सेंट योर्गन हॉस्पिटलला गेले, म्हणजे आताच्या कुष्ठरोग संग्रहालयात. कॉलेजात असताना सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला गेले होते, आनंदवनही पाहिलेलं, तेव्हापासून कुष्ठरोगाचा जंतू शोधणाऱ्या हॅन्सनचं नाव डोक्यात होतं. एकोणिसाव्या शतकात बर्गनमध्ये कुष्ठरोग्यांची तीन हॉस्पिटलं होती. रोग आनुवंशिक आहे असं मोठमोठे डॉक्टर मानायचे, खुद्द हॅन्सनचे सासरे डॅनियलसनसुद्धा. १८७३ मध्ये याच गावात आर्मौएर हॅन्सनने रोगाचा जंतू शोधला. पण पुढे रोग जंतूमुळे पसरतो हे सिद्ध करायला त्याने एका बाई रुग्णाच्या डोळ्यात तिला न विचारता रोगाचा अंश टोचला, खटला झाला आणि त्याची हॉस्पिटलची नोकरी गेली. त्या बाईबद्दल मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

मधे मोठा दिवाणखाना, भोवती अगदी छोट्या खोल्या, एकेकीत दोन-तीन रुग्ण. शेजारच्या स्वयंपाकघरात रुग्ण आपापलं अन्न शिजवायचे. बोटं गळलेल्या हातांनी. वहिनी तिथून लगेच बाहेर गेली, मी चुलीपाशी थांबले. इथले शेवटचे दोन रुग्ण १९४६ मध्ये वारले, पन्नासहून जास्त वर्षं ते याच घरात होते. म्हणजे बंदरातली ती बोट उडाली तेव्हा ते दोघं इथेच होते, आणि बंदर इथून चालत पंधरा मिनिटांवर आहे.