राफ्ट ओतायचा तर नवतपा टाळा

नागपुरात एखाद्या ऊर्जा कंपनीच्या गगनचुंबी मुख्यालयाचा प्रस्ताव आला की पहिला प्रश्न असतो, मजले किती? खरं तर आधी प्लॉट कुठे ते विचारायला हवं. सोनेगाव विमानतळाभोवती 4 किलोमीटरपर्यंत उंचीची मर्यादा 45 मीटर. पुढच्या 2 किलोमीटरांत ती दर 100 मीटरला 5 मीटर चढत 145 पर्यंत जाते आणि त्यापलीकडे 15 किलोमीटरपर्यंत 150. धावपट्टीच्या रोखात नियम आणखी कडक. ही उंची विमानतळाच्या पातळीपासून मोजतात, प्लॉटच्या जमिनीपासून नाही. टेकाडावरचा प्लॉट घेणारे इथेच फसतात. टॉवर क्रेनचं टोकही याच हिशेबात धरायचं. गाझप्रॉम या रशियन गॅस कंपनीच्या सेंट पीटर्सबर्गमधल्या 462 मीटरच्या मनोऱ्याची जागा जुन्या शहराच्या देखाव्यावरून झालेल्या वादानंतर 2010 मध्ये बदलावी लागली. आपल्याकडे ती विमानतळामुळे बदलेल.

जमिनीचं म्हणाल तर काळी माती काढून टाकता येते, तिची भीती नाही. भीती पश्चिम नागपुरातल्या बेसाल्टची. वरचा खडक टणक लागतो, बोअर तिथेच थांबवतात, आणि खाली लाव्हाच्या दोन थरांमध्ये मऊ मातीचा पट्टा दडलेला असतो. मिशनरी आणि भूशास्त्रज्ञ हिस्लॉप यांनी 19व्या शतकात नागपूरजवळच्या टाकळीला जीवाश्म गोळा केले ते अशाच थरांतून. राफ्टच्या, म्हणजे इमारतीखालच्या सलग जाड पायाच्या, रुंदीच्या किमान दीडपट खोल बोअर घ्या, आणि एकट्या कोअरखाली (लिफ्ट-जिन्यांच्या मधल्या गाभ्याखाली) नाही, चारही कोपऱ्यांत घ्या. पट्टा एकाच बाजूला असला तर इमारत एका बाजूने जास्त खचते.

आता मुख्य काम. 40 बाय 40 मीटरचा, 3 मीटर जाडीचा राफ्ट म्हणजे 4,800 घनमीटर काँक्रीट. ताशी 100 घनमीटरने सलग 48 तास, 6 घनमीटरच्या मिक्सरच्या 800 फेऱ्या. (गाझप्रॉमचा तो मनोरा शेवटी लाख्ताला झाला; त्याच्या तळाला 2015 मध्ये 49 तासांत 19,624 घनमीटर ओतलं, म्हणजे आपल्या चौपट वेगाने.) मात्र खरी लढाई उष्णतेशी. दर 100 किलो सिमेंटमागे काँक्रीटचं तापमान ढोबळमानाने 10 ते 12 अंश चढतं. घनमीटरला 450 किलो सिमेंट असलेलं काँक्रीट नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, 38 अंशांवर ओतलं, तर राफ्टचा गाभा 83 ते 92 अंशांपर्यंत जातो. गाभा 70 च्या आत आणि गाभा-पृष्ठभागातला फरक 20 च्या आत हवा, नाहीतर तडे ठरलेले.

उपाय दोन. 35 टक्के सिमेंटऐवजी फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख) घाला. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांशेजारी राहून तिची टंचाई सांगणं शोभत नाही. पाण्याचा काही भाग बर्फाच्या चुऱ्याने भागवा: घनमीटरला 7 किलो बर्फ सुमारे एक अंश उतरवतो, 70 किलो दहा. तुकडे मोठे राहिले तर आत वितळून पोकळ्या सोडतात, म्हणून चुराच हवा. पंप एक जादा ठेवा. बंद पडलेल्या पंपामागे तासाभरात कोल्ड जॉइंट, म्हणजे जुन्या-नव्या काँक्रीटमधला कच्चा सांधा, तयार होतो.

सगळ्यात मोठी चूक नंतर होते. उन्हाने तापलेला राफ्ट पाहून कुणीतरी थंड पाण्याचा पाईप सोडतो. पृष्ठभाग एकदम गार, गाभा तसाच, आणि भेग. स्लॅबची सवय राफ्टला लावू नये. वर प्लास्टिक, त्यावर थर्माकोल, आणि तळ, मध्य व वरून 5 सेंटीमीटर खाली थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा). मधला आकडा उतरणीला लागेपर्यंत थर्माकोल हलवायचा नाही.

काचेबद्दल थोडक्यात: पश्चिमेची भिंत. मेच्या दुपारी चार वाजता तिच्यावर चौरस मीटरला 600 वॅट धरले आणि काच 27 टक्के उष्णता आत सोडणारी असली, तर 1,000 चौरस मीटरमागे फक्त काचेपायी 46 टन एसी लागतो. स्वस्त काच 60 टक्के सोडते. मग 102 टन. ऊर्जा कंपनीने असली काच लावणं जरा विनोदीच. लिफ्ट, जिने, शौचालयं पश्चिमेला टाकली की प्रश्न निम्मा सुटतो.

1,000 टनांचा एसी प्लांट दिवसाला 10 तास चालला तर कूलिंग टॉवरमधून 60 ते 70 हजार लिटर पाणी उडून जातं. भांडेवाडीच्या केंद्रात प्रक्रिया केलेलं शहराचं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला चालतं, तर इथेही चालेल. फक्त त्या वेगळ्या लाईनच्या स्लीव्ह (पाईप जाण्यासाठीची नळकांडी) तळघराच्या भिंतीत काँक्रीटच्या आधी बसवा. नंतर कोअर कटिंग करून भिंतीला भोक पाडलं की तिथूनच पावसाळ्यात पाणी झिरपतं.