अंगावर न शोभणारं कापड

साडी घ्यायला निघालेली मी आणि गोधडीचं कापड घ्यायला निघालेली मी, या दोघींचं अजिबात पटत नाही. पहिलीला बारीक बुट्टी आवडते, मंद रंग आवडतात, महेश्वरीच्या काठाचा नखरा तिला पुरेसा होतो. दुसरी मात्र सरळ पडद्यांच्या कापडांकडे जाते आणि वीतभर फुलांच्या, मोरांच्या, पोपटी-जांभळ्या गर्दीसमोर हरखून उभी राहते.

‘क्या बनाओगी दीदी, परदे?’

‘नहीं भिया, गोदड़ी.’

यावर इंदूरचा दुकानदार हातातलं थान खाली ठेवतो आणि आतून काहीतरी स्वस्तातलं काढायला जातो. त्याचंही बरोबर आहे. गोधडी जुन्याची करायची असते, एवढं त्याला त्याच्या आजीने शिकवलेलं असणार.

पण ही गोधडी वेगळी. ती षटकोनांची. प्रत्येक षटकोनात सहा त्रिकोण, आणि सहाही त्रिकोण नक्षीतल्या नेमक्या त्याच जागेचे. छापील कापडावरची नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा येते. तेवढ्या लांबीचे सहा तुकडे कापायचे, पाकळीवर पाकळी आणि देठावर देठ येईल असे एकावर एक रचायचे, टाचण्या लावायच्या, मग सगळ्या थरांतून एकदम पट्टी कापायची आणि तिचे 60 अंशांचे त्रिकोण पाडायचे. एका कापात सहा जुळी भावंडं हाती येतात. ती एका टोकाभोवती फिरवून मांडली की पानाचा तारा होतो, मोराच्या मानेची चक्री होते. त्रिकोणाला टोकं तीन, त्यामुळे मध्यभागी कोणतं टोक घ्यायचं यावर एकाच संचातून तीन निरनिराळे षटकोन निघू शकतात. कोणता ठेवायचा हे ठरवण्यात माझी अख्खी दुपार जाते, आणि त्याची मला मुळीच खंत नाही.

म्हणून दुकानात मी आधी टेप काढते. यंत्रावरच्या रोटरी छपाईत रुळाचा घेर बहुधा 64 सेंटीमीटर असतो, त्यामुळे मोठी नक्षी तेवढ्या अंतराने परत येते. सहा वेळा म्हणजे 384 सेंटीमीटर. चार मीटर घेतलं की निभावतं. नक्षी 32 सेंटीमीटरवरच परत येत असेल तर दोन मीटरही चालतात, पण मग निरनिराळे षटकोनही तितकेच कमी मिळतात.

मला प्रिय असलेली बारीक बुट्टी इथे साफ नापास होते. तिचा कुठलाही त्रिकोण कापा, तो शेजारच्यासारखाच दिसतो आणि एवढी मेहनत करून षटकोन मूळ कापडासारखाच राहतो. फुलं मोठी पण लांब लांब, मध्ये नुसती पिवळी जमीन, असं कापडही फसवं. निम्मे षटकोन कोरे निघतात. हवी ती गर्दी. चार-पाच रंग, त्यांत एक गडद आणि एक अगदी फिका. रंगांपेक्षाही हा गडद-फिक्याचा फरक जास्त महत्त्वाचा, म्हणून थानाचा मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून बघायचा. सगळं एकाच राखाडी छटेत दिसलं तर थान परत.

आरशांची युक्तीही आहे. दोन चौकोनी आरसे एका कडेला चिकटपट्टीने जोडायचे, 60 अंशांत उघडून कापडावर उभे करायचे. मधला तुकडा आणि त्याची पाच प्रतिबिंबं मिळून षटकोन तिथल्या तिथे दिसतो. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकंही वाकून बघतात. पण हा आरसा अर्धंच खरं सांगतो. त्याच्यात दर दुसरा त्रिकोण उलटा असतो, जसा शाळेत केलेल्या शोभादर्शकात बांगड्यांचे तुकडे दिसायचे तसा. आपले सहाही त्रिकोण मात्र सुलटेच असतात, नुसते फिरवलेले. त्यामुळे आरशात शांत, जुळलेलं फूल दिसतं आणि शिवल्यावर ते गरगरायला लागतं. मला गरगरणारंच आवडतं, पण आरशावर भिस्त ठेवून महागाचं कापड घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

धार जिल्ह्यातल्या बाग गावचं बाग प्रिंट हा माझा हळवा कोपरा. तो तुरटी आणि आलिझरिन या रंगद्रव्याचा लाल, तो लोखंडाच्या गंजाचा काळा! पण ठसा हाताने उमटवलेला असतो, सूतभर इकडे, सूतभर तिकडे. सहा थर रचले की एकही बुट्टा दुसऱ्यावर नीट बसत नाही आणि षटकोनाचा मध्य सरकतो. त्यासाठी एकेक बुट्टा डोळ्यांनी हेरून सुटा कापावा लागतो. बुट्टा दोन्ही बाजूंनी सारखा असेल आणि त्याच्या मधोमध रेघ धरून कापला, तर आरशातलं फूल अखेर कापडात उतरतं. एरवी बाग प्रिंटची मी गोधडीला चौफेर किनार लावते, आणि त्याला तिथेच मान आहे.

महेश्वरीच्या जुन्या काठाचे पट्टेही छान वागतात. पट्टा त्रिकोणाच्या बाहेरच्या बाजूला समांतर आला तर षटकोनात षटकोन उमटतात; तिरप्या बाजूला समांतर आला तर भिरभिरं. फक्त रेशीम-सुताचा तो झिरझिरीत तुकडा जाड पडद्याच्या कापडाशी एका षटकोनात बांधू नये. संसार टिकत नाही.

शिवण्यात सांगण्यासारखं थोडंच. त्रिकोणाच्या दोन बाजू तिरक्या धाग्यावर असतात, ओढल्या की लांबतात, म्हणून आधी खळ. तीन-तीन त्रिकोणांचे दोन अर्धे करायचे आणि ते जोडायची घाई करायची नाही. सगळे भिंतीवर मांडून, गडदाकडून फिक्याकडे नेऊन, मग उभ्या रांगांत शिवायचे. सगळ्या शिवणी सरळ येतात.

उरला प्रश्न सासूबाईंचा. ‘नवं कापड फाडून गोधडी?’ या त्यांच्या सवालापुढे माझं 384 सेंटीमीटरचं गणित टिकत नाही. तोडगा त्यांच्याच कपाटात सापडला. पदर वगळूनही साडेपाच मीटर साडीत नक्षीच्या सहा-सात आवृत्त्या सहज बसतात. आणि आमच्यासारख्या कुठल्याही मराठी घरात आहेरात आलेल्या, कुणीही न नेसलेल्या, एका लग्नातून दुसऱ्या लग्नात फिरायच्या बाकी असलेल्या साड्या असतातच. रंग भडक, फुलं अवाढव्य, बघवत नाहीत अशा. म्हणजे अगदी हव्या तशा! सिंथेटिक इस्त्रीखाली आकसतं, त्यामुळे त्यांतली सुतीच तेवढी निवडायची.

आईंनी जांभळी-केशरी काढून दिली. अट एकच, देणाऱ्या मामी आल्या की गोधडी उलटी अंथरायची.