हसवणं शिकून येतं का, असं तुम्ही विचारलंत म्हणून

प्रश्न दोनच असतात, विचारणारे बदलतात. मावशी विचारते, कंपनीच्या कँटीनमध्ये विचारतात, शो संपल्यावर कॉलेजची मुलं विचारतात. पहिला प्रश्न: "विनोद अंगातच असावा लागतो ना? तो शिकून कसा येईल?" दुसरा जरा आवाज खाली आणून: "लोक हसत नाहीत, तरी परत परत कशाला जातेस?" स्टँडअप म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत आहे, मोबाइलवर सगळ्यांनी पाहिलेलं आहे, तेव्हा ते सांगत बसत नाही. आजवर मी उत्तर टाळलं, कारण लग्नाच्या पंगतीत हातात ताट घेऊन हे दोन वाक्यांत सांगता येत नाही.

शिकून येतं. मला जे काही येतं ते सगळं शिकूनच आलेलं आहे.

यावर लगेच ऐकू येतं, "पण तू तर घरात गप्प असतेस." या वाक्याचा मला फार राग येतो. घरातलं हसू आणि अनोळखी माणसाचं हसू या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन संशोधकाने मॉलमध्ये, कॉलेजच्या आवारात लोक हसले त्या सुमारे 1,200 वेळा टिपून ठेवल्या होत्या. त्यातल्या जेमतेम 10 ते 20 टक्के वेळा हसण्याआधीचं वाक्य विनोदी म्हणावं असं होतं. बाकी लोक अगदी साध्या, निरोप घेतानाच्या बोलण्यावरही हसत होते. आणि माणूस एकटा असताना हसतो त्याच्या 30 पट जास्त चारचौघांत हसतो, हेही त्यांनीच दाखवलं. म्हणजे ग्रुपमधल्या ज्या मुलाला सगळे 'भारी आहे हा' म्हणतात, त्याच्या विनोदाला हसणारे बरेचदा त्याच्या ओळखीला हसत असतात. अशी मुलं मी नाशिकमध्ये पुष्कळ पाहिली. पहिल्या ओपन माइकला, म्हणजे नाव नोंदवून कुणीही स्टेजवर चढावं अशा कार्यक्रमाला, मित्रांना घेऊन येतात, कॅफे डोक्यावर घेतात. पुढच्या वेळी मित्र येत नाहीत आणि तेच शब्द अनोळखी माणसांसमोर खाली पडतात. तिसऱ्यांदा ती मुलं दिसत नाहीत. मला त्यांचं वाईट वाटतं. शिकणं आता कुठे सुरू होणार होतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

शिकणं म्हणजे मी काय करते, तेही सांगते. प्रत्येक सेट, म्हणजे स्टेजवर जेवढं बोलले तेवढं सगळं, फोनवर रेकॉर्ड करते आणि दुसऱ्या दिवशी अंबडला जाताना कंपनीच्या बसमध्ये कानात घालून ऐकते. ऐकायचा तो खोलीचा आवाज, आपला नाही. कुठल्या ओळीला हसले, कुठे नुसता श्वास सोडला, कुठे खुर्ची सरकवली. मग वहीत प्रत्येक ओळीपुढे खूण. ज्या ओळीपुढे बरेच दिवस खूणच नाही, ती कितीही लाडकी असली तरी काढायची.

त्यात मराठीची स्वतःची एक अडचण आहे. हसू ज्या शब्दावर फुटायला हवं तो शब्द शेवटी यावा लागतो, आणि मराठी वाक्य तर क्रियापदावर संपतं. माझे वडील, अण्णा, एसटीत कंडक्टर होते. त्यांच्यावरची माझी एक ओळ आधी अशी होती: "पाहुणे आले की आमच्या दोन खोल्यांच्या घरात अण्णा त्यांना मागं सरका, मागं जागा आहे असं सांगायचे." कुणी हसत नव्हतं. 'असं सांगायचे' येईपर्यंत मजा संपून गेलेली असायची. आता ती ओळ अशी आहे: "घर दोन खोल्यांचं. दारात पाहुणे. अण्णा म्हणणार, सरका मागं, मागं सगळं रिकामं!" एवढा बदल सुचायला एक आख्खा पावसाळा गेला. 'दारात पाहुणे' नंतर किती थांबायचं, ते त्याच्याही नंतर कळलं.

आणि हे कुठे करायचं? कॉलेज रोड, गंगापूर रोडवरच्या कॅफेंत. तिथल्या ओपन माइकला आधी दोन कविता, मग गिटार, मग मी. समोर बसलेल्यांतले निम्मे स्वतःच्या नंबरची वाट बघत ओळी घोकत असतात. नाहीतर नाशिकरोडहून गाडी धरून मुंबई. तिथं चार-पाच मिनिटांचा स्पॉट मिळतो, शेवटचं मिनिट राहिलं की मागून दिवा दाखवतात, उतरायचं, रात्रीच्या गाडीने परत यायचं आणि सकाळी ड्यूटीवर जायचं.

हे अमेरिकेचं खूळ आहे असं म्हणणाऱ्या काकांना मी एवढंच विचारते, तमाशात गण झाला, गवळण झाली, मग बतावणी, म्हणजे मधले विनोदी संवाद, कोण रंगवायचं? सोंगाड्या. तो काय आईच्या पोटातून हजरजबाबी येत होता? वर्षानुवर्षं फडाबरोबर गावोगावच्या जत्रा करून, कुठल्या गावाला काय चालतं ते अंगावर घेऊन तो तयार व्हायचा. त्याच्या उपजत गुणांचं कौतुक करताना आपण त्याची उमेदवारी विसरतो. शिवाय त्याची बाजू सांभाळायला समोर दुसरा माणूस तरी असायचा.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येते. तो विचारणाऱ्यांपैकी काहींना लॉनवरची ती रात्र माहीत आहे. ते बोलत नाहीत, पण त्यांच्या मनात तीच असते.

एका कंपनीचा कौटुंबिक मेळावा होता, गंगापूर रोडच्या पुढे एका लॉनवर. थंडीचे दिवस. वीस मिनिटं आणि बरे पैसे. घरच्यांना घेऊन या म्हणाले, म्हणून आई-अण्णांना घेऊन गेले. अण्णांनी मला स्टेजवर कधीच पाहिलं नव्हतं. पण त्यांच्यावरचा सगळा भाग त्यांनीच रोज रात्री जेवताना सांगितलेल्या गोष्टींतून आलेला होता. वणीच्या गडाची चैत्रातली यात्रा, तेव्हा नांदुरीपासून गडापर्यंत घाटात एसटीच चालते, त्या गर्दीतली तिकिटं, सुट्ट्या पैशांची भांडणं, एका आजीने पिशवीत लपवलेली कोंबडी. ती पिशवी ओरडली तेव्हा अण्णांनी काय केलं, हे ते दर वेळी थोडं वेगळं सांगायचे. त्या रात्री त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खिशाला पेन लावलं होतं, ड्यूटीवर लावायचे तसं.

गोल टेबलं होती, त्यामुळे निम्म्या लोकांची पाठ माझ्याकडे. माझं नाव पुकारलं आणि त्याच वेळी जेवण सुरू केलं. दिव्याचा झोत थेट डोळ्यांत. वर उघडं आभाळ, म्हणजे कोपऱ्यात कुणी हसलं तरी ते दुसऱ्या टेबलापर्यंत पोचणार नाही. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. अशा वेळी तोंड कोरडं पडतं आणि आपण घाईने बोलू लागतो. घाईत थांबायच्या जागा निघून जातात, आणि थांबायच्या जागा गेल्या की उरलेलंही जातं. हे सगळं मला तेव्हाही ठाऊक होतं. तरी शरीर ऐकत नव्हतं.

मग मी अण्णांच्या भागावर आले. तो भाग तोवर कधीच पडला नव्हता. लोकांना जवळ ओढावं म्हणून मी म्हटलं, "माझे वडील आज इथे आलेले आहेत." सगळं लॉन वळलं. अण्णा उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

मी दोन खोल्यांची ओळ म्हटली. कुणी हसलं नाही. समोर एक सत्तरीचा माणूस हात जोडून उभा असताना त्याच्या तोंडावर कोण हसेल? मी पुढची ओळ म्हटली. मग सुट्ट्या पैशांची. अण्णा उभेच होते. बसायचं की नाही, हे त्यांना कळेना. त्यांना वाटलं, कार्यक्रमात आपण असंच उभं राहायचं आहे. माझ्या प्रत्येक ओळीनंतर ते थोडंसं हसत होते आणि आजूबाजूला बघत होते, लोक हसतायत का ते. आई त्यांचा शर्ट धरून खाली ओढत होती. मला हे सगळं दिसत होतं आणि मी बोलत राहिले. घोटून घोटून पाठ केलेलं होतं, ते मधेच सोडून "अण्णा, बसा" एवढे दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत. शेवटी पुढच्या टेबलावरून एक बाई म्हणाल्या, "अहो, काकांना बसू द्या आता." थोड्या वेळाने आयोजकांनी खूण केली, गाणं लावलं, मी उतरले.

रिक्षात अण्णांनी विचारलं, "पाकीट दिलं ना त्यांनी?" मी हो म्हटलं. आई जिलेबीबद्दल बोलत राहिली. कुणीही मला एका शब्दाने काही म्हणालं नाही.

पण त्यानंतर अण्णा जेवताना एसटीच्या गोष्टी सांगेनासे झाले. मी मुद्दाम विषय काढायचे, वणीची यात्रा जवळ आली म्हणायचे. ते म्हणायचे, "आता आठवत नाही फारसं." कित्येक महिने असं चाललं. हल्ली पुन्हा सांगतात, पण सुरुवात "हे तिकडं सांगू नकोस हं" अशी करतात.

त्या रात्री घरी येऊन मी वहीत लिहिलं होतं: लॉन. गोल टेबलं. जेवण सुरू. दिवा डोळ्यांत. प्रेक्षकांतल्या माणसाची ओळख करून दिली. ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यांनी मला पुष्कळ शिकवलं. आता मी तासभर आधी जाते, खुर्च्या पुढे ओढून घेते, जेवण नंतर ठेवा असं आयोजकांना ठणकावून सांगते, ऐकत नसतील तर नाही म्हणते. शिकून येतं म्हणते ते असं येतं. पण त्या पानावर अण्णा उभे राहिले होते, हे नाही. कधी मला वाटतं, ती वही लिहिणारी बाई पळपुटी होती. कधी वाटतं, तिने तेव्हा ते लिहिलं असतं तर ती पुन्हा माइकपाशी गेलीच नसती, आणि तिने केलं ते बरोबर केलं. या दोघींचं अजून जमलेलं नाही.

आणि समजा, लोक हसले असते तर? उभ्या असलेल्या अण्णांकडे बघून सगळं लॉन खदखदून हसलं असतं, तर ते त्यांना बरं वाटलं असतं का? मी स्वतःला सांगते की माझ्या ओळींत त्यांच्याविषयीची माया आहे आणि ती ऐकणाऱ्याला कळते. बहुतेक दिवस हे मला पटतं.

तर, परत परत कशाला जातेस? गाणारी दार लावून रियाज करू शकते. बेसूर लागलं तर भिंतीला कळेल. माझा रियाज दार लावून होतच नाही. वाक्य आरशासमोर म्हणून बघता येतं, पण ते चालतं की नाही हे समोर माणसं असल्याशिवाय कळायला दुसरा मार्ग नाही. तुम्ही ज्याला तोंडावर पडणं म्हणता, तो माझा सराव आहे. तो तुमच्यासमोर होतो म्हणून तुम्हाला दिसतो. हे मी पूर्वीही म्हणायचे, अभिमानाने म्हणायचे. आता म्हणताना एक गोष्ट सोबत येते: सराव चारचौघांत होतो, म्हणून त्याची किंमत मी एकटीच मोजत नाही. ज्यांच्याबद्दल बोलते तेही मोजतात, आणि त्यांनी हे काम मागितलेलं नव्हतं. यावर उपाय काय, हे मला सापडलेलं नाही. अण्णांचा भाग सोडून दे असं भाऊ म्हणतो. मी सोडलेला नाही, बदलला आहे. आता त्यात नांदुरीच्या घाटात भरलेल्या गाडीतले सगळे प्रवासी एकीकडे आणि अण्णा एकीकडे असतात, आणि शेवटी अण्णांचंच खरं होतं. तो भाग चालतो. शो संपल्यावर लोक येऊन आपापल्या एसटीतल्या वडिलांचं, काकांचं सांगतात. मध्यंतरी अण्णांनी विचारलं, "अजून माझं सांगतेस का?" मी हो म्हटलं. ते बरं म्हणाले आणि पेपर वाचू लागले.

कालिदासला, नाशिकच्या त्या मोठ्या नाट्यगृहात, कधी दिसणार, हे विचारू नका. अजून पुष्कळ कॅफे करायचे आहेत. तिथं आलात तर पुढच्या रांगेत बसा, पुढच्या रिकाम्या खुर्च्या सगळ्यात वाईट. आवडलं तर मोकळेपणाने हसा. नाही आवडलं तर माझी कीव येऊन हसू नका, खोट्या हसण्यावरून मला चूक सापडत नाही आणि तीच ओळ घेऊन मी आणखी महिनाभर फिरत राहते. आणि कधी अण्णा आलेले दिसले, तर त्यांच्या शेजारी बसा, पण माझ्या ओळीवर हसू की नको हे ठरवायला त्यांच्याकडे बघू नका.