एका किल्लीने सगळी कुलपे उघडू नयेत

छोट्या व्यवसायांचे संगणक, ईमेल आणि हिशेबाच्या यंत्रणा सांभाळण्याचे काम मी करतो. नवा ग्राहक भेटला की ‘अँटीव्हायरस कोणता घ्यावा?’ हा त्याचा पहिला प्रश्न असतो. प्रश्न रास्तच आहे. पण उत्तर देण्याआधी मी त्याला एक कोरा कागद घेऊन व्यवसायाची सगळी खाती लिहून काढायला सांगतो. ईमेल, बँक, हिशेबाचे सॉफ्टवेअर, संकेतस्थळ, डोमेन (म्हणजे संकेतस्थळाचे आणि ईमेलचे नोंदवलेले नाव), क्लाउडवरची म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या संगणकांवरची साठवण, समाजमाध्यमांवरची पाने, सगळे त्यात आले पाहिजे. मग प्रत्येक खात्यापुढे एवढेच लिहायचे की पासवर्ड विसरला तर तो नव्याने ठरवण्याची लिंक कोणत्या पत्त्यावर येते. कागद भरत जातो तसा एकच पत्ता पुन्हा पुन्हा उमटू लागतो, आणि धोका कुठे आहे हे मी सांगायच्या आधीच त्या माणसाच्या लक्षात येते.

त्या वेळी मी त्याला कोड स्पेसेस या कंपनीची हकीकत सांगतो. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचा कोड सांभाळण्याची सेवा देणारी ही छोटी कंपनी होती आणि तिचा कारभार ॲमेझॉनच्या क्लाउडवर चालत असे. २०१४ च्या जून महिन्यात तिच्या सेवेवर आधी खोट्या विनंत्यांचा भडिमार झाला, आणि मग कोणीतरी क्लाउडच्या कंट्रोल पॅनलमध्येच शिरले असून पैशांची मागणी करणारे निरोप ठेवून गेले आहे, असे उघड झाले. कंपनीच्या लोकांनी पासवर्ड बदलून ताबा परत घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा घुसखोराने स्वतःसाठी आधीच जादा लॉगिन तयार करून ठेवलेली निघाली, आणि आपल्याला बाहेर काढले जात आहे हे दिसताच त्याने माहिती पुसायला सुरुवात केली. सुमारे बारा तासांत ग्राहकांची बहुतेक माहिती गेली आणि कंपनीने कामकाज चालू ठेवणे शक्य नसल्याचे जाहीर केले. या कंपनीने बॅकअप घेतले नव्हते असे नाही. बॅकअप होते, पण ज्या पॅनलमधून मूळ माहिती पुसता येत होती, त्याच पॅनलमधून तेही पुसता येत होते.

मोठ्या संस्थेत निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळी माणसे असल्याने अधिकार काही प्रमाणात आपोआप वाटले जातात. छोट्या व्यवसायात मात्र मालकानेच पहिल्या दिवशी एका ईमेलवरून सगळी खाती उघडलेली असतात, आणि तोच पासवर्ड थोडाफार बदलून सगळीकडे वापरलेला असतो. ही सोय समजण्यासारखी आहे, कारण सुरुवातीच्या काळात त्याच्यामागे दुसरी शंभर कामे असतात. परंतु व्यवसाय वाढला तरी किल्ल्यांचा जुडगा एकच राहतो, आणि त्यामुळे कोठेही झालेली छोटी चूक सगळ्या व्यवसायावर पसरण्याची वाट मोकळी राहते. सुरक्षेसाठी हाती थोडाच वेळ आणि थोडेच पैसे असतील, तर ते आधी हा जुडगा सोडवण्यावर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरुवात मुख्य ईमेलपासून करावी. त्याचा पासवर्ड जगात दुसरीकडे कुठेही वापरलेला नसावा. एखाद्या संकेतस्थळावरून फुटलेल्या ईमेल-पासवर्डांच्या जोड्या इतर सेवांवर यंत्राद्वारे वापरून पाहणे हा हल्लेखोरांचा रोजचा उद्योग आहे, आणि त्यासाठी तुमच्या व्यवसायाचे नाव त्यांना माहीत असण्याचीही गरज नसते. पासवर्ड लांब असावा. त्यात चिन्हांची गर्दी करण्याची किंवा तो दर तीन महिन्यांनी बदलण्याची आवश्यकता नाही. अशा सक्तीचे मूळ अमेरिकेच्या मानके ठरवणाऱ्या ‘निस्ट’ या संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शिकेत होते. ती लिहिणारे बिल बर यांनी पुढे २०१७ मध्ये त्या सल्ल्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला, आणि त्याच वर्षी निस्टनेही ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये असे नव्या मार्गदर्शिकेत सांगितले. सक्तीने बदल करायला लावले की माणसे शेवटचा अंक एकाने वाढवतात, एवढेच त्यातून घडत होते. पासवर्ड फुटल्याची शंका आली तर मात्र तो त्याच क्षणी बदलावा.

प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड लक्षात ठेवणे माणसाच्या आवाक्यातले नाही, म्हणून सगळे पासवर्ड जपून ठेवणारे ॲप, म्हणजे पासवर्ड मॅनेजर वापरावा. यावर एक योग्य आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतो: एका किल्लीने सगळी कुलपे उघडू नयेत म्हणता, आणि सगळ्या किल्ल्या एकाच पेटीत ठेवायला सांगता, हे कसे? आक्षेपात तथ्य आहे. त्यामुळेच त्या पेटीला सर्वांत लांब पासवर्ड आणि दुसऱ्या टप्प्याची पडताळणी असलीच पाहिजे, आणि बॅकअपच्या खात्याचा पासवर्ड त्या पेटीत न ठेवता कागदावर लिहून कुलपात ठेवावा, असे मी सुचवतो. संगणकावरून चोरी करणाऱ्याला कुलपातला कागद वाचता येत नाही.

दुसऱ्या टप्प्याची पडताळणी म्हणजे पासवर्डनंतर फोनवर येणारा किंवा ॲपमध्ये दिसणारा संकेतांक. एसएमएसवर येणारा संकेतांक काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ चांगला. पण मोबाइल कंपनीला फसवून तुमचा क्रमांक दुसऱ्या सिमवर वळवून घेण्याचे प्रकार घडतात, म्हणून ॲप अधिक बरे. त्याहून भक्कम म्हणजे पासकी (पासवर्डऐवजी फोनमध्ये किंवा संगणकात साठवलेली डिजिटल किल्ली) किंवा यूएसबीसारखी छोटी सुरक्षा-किल्ली. एसएमएसवरचा किंवा ॲपमधला संकेतांक बनावट पानावर भरण्याची चूक सावध माणसाच्या हातूनही होऊ शकते. पासकी मात्र खऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असते आणि बनावट पानावर ती चालतच नाही. मुख्य ईमेल आणि क्लाउडचे ॲडमिन खाते (सगळे अधिकार असलेले खाते), निदान एवढ्या दोन ठिकाणी तरी ती लावावी. शिवाय ॲडमिन खात्याने रोजचे काम करू नये. पत्रव्यवहार, बिले आणि फायली यांसाठी साधे खाते वेगळे असावे.

ईमेल कोणाच्या हाती लागल्याचा संशय आला, तर पासवर्ड बदलून थांबू नका. सेटिंगमध्ये जाऊन पत्रे दुसरीकडे पाठवणारे किंवा ठरावीक शब्द असलेली पत्रे लपवणारे नियम कोणी घालून ठेवले आहेत का, हे पाहा. हल्लेखोर ‘बिल’ किंवा ‘पेमेंट’ असे शब्द असलेली पत्रे एखाद्या दुर्लक्षित फोल्डरमध्ये वळवणारा नियम लावून ठेवतो आणि आठवडेच्या आठवडे गुपचूप वाचत बसतो. पासवर्ड बदलल्यावरही असा नियम तसाच राहतो. जोडलेली ॲप्स, खाते परत मिळवण्यासाठी दिलेले फोन क्रमांक आणि चालू लॉगिन हेही त्याच वेळी तपासावे आणि सगळ्या उपकरणांवरून खाते बाहेर काढावे.

ही वाचणारी नजर कशासाठी असते, ते सांगणे आवश्यक आहे, कारण छोट्या व्यवसायांना एका दिवसात मोठ्या रकमेला मुकावे लागते ते बहुधा येथेच. पुरवठादाराशी तुमचे जे बोलणे चालू आहे ते हल्लेखोर वाचतो, खरे बिल निघण्याची वेळ ओळखतो, आणि त्याच पत्रमालिकेत, त्याच भाषेत ‘आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढे या क्रमांकावर रक्कम पाठवावी’ असे कळवतो. या पत्रात व्हायरस नसतो, त्यामुळे कोणतेही अँटीव्हायरस ते अडवत नाही. गाफील छोट्या माणसांनाच असे फसवले जाते असेही नाही. लिथुएनियातील एका माणसाने तैवानच्या एका पुरवठादार कंपनीशी नाव जुळणारी कंपनी काढून, २०१३ ते २०१५ या काळात खोटी बिले पाठवून गूगल आणि फेसबुक यांच्याकडून मिळून १० कोटी डॉलरहून अधिक रक्कम उकळली होती. २०१९ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली.

यावरचा उपाय फुकट आहे, फक्त तो अपवाद न करता पाळावा लागतो. बँक खात्याचा बदल ईमेलवर कळला, तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करून खात्री करायची. पत्रात दिलेल्या क्रमांकावर फोन करायचा नाही, आणि समोरून आलेल्या फोनवरही समाधान मानायचे नाही, कारण आता ओळखीच्या आवाजाची नक्कल करणेही सोपे झाले आहे. ठरावीक रकमेच्या वरचे पेमेंट दोघांच्या मंजुरीशिवाय जाणार नाही, अशी सोय बँकेकडे असल्यास ती चालू करावी. मालकाने कर्मचाऱ्यांना एक गोष्ट तोंडी आणि लेखी सांगून ठेवावी: माझ्या नावाने तातडीचा निरोप आला आणि तुम्ही पडताळणीसाठी पेमेंट थांबवले, तर त्यात उशीर झाला म्हणून मी कधीही रागावणार नाही. घाई आणि साहेबांची भीती यांवरच ही फसवणूक उभी असते.

आता बॅकअप. फायली क्लाउडवर आपोआप जातात म्हणजे बॅकअप झाला, हा समज फार पसरलेला आहे. ती एकाच फाइलची दोन ठिकाणी दिसणारी प्रत असते. येथे पुसली की तेथेही पुसली जाते, आणि रॅन्समवेअरने (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरने) येथे कुलूपबंद केली की तीच बिघडलेली फाइल वर जाते. जुन्या आवृत्त्या काही दिवस मिळतात, पण खात्याचाच ताबा गेला तर त्याही जातात. माहितीच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी, हा जुना नियम आजही चांगला आहे. मी त्यात एवढीच भर घालतो की एक प्रत अशी असावी, जिला संगणकाची वायर किंवा रोजचा पासवर्ड पोहोचत नाही.

न जोडलेल्या प्रतीचे मोल काय असते, हे २०१७ च्या जूनमध्ये मर्स्क या जहाज कंपनीच्या बाबतीत दिसले. नॉटपेट्या नावाचा मालवेअर (नासधूस करणारे सॉफ्टवेअर) युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला आणि मर्स्कचे जगभरचे संगणक बंद पडले. कोणता वापरकर्ता कोण, हे सांभाळणारे कंपनीचे सर्व्हर एकमेकांशी सतत जुळत राहत असल्यामुळे सगळेच एका वेळी पुसले गेले. वाचला तो फक्त घानामधला एक, आणि तोही तेथे त्या वेळी वीज गेल्यामुळे जोडणीतून बाहेर होता म्हणून. त्या एका प्रतीच्या आधारावर कंपनीने सुमारे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. जे तेथे योगायोगाने घडले, ते आपण ठरवून करू शकतो: दोन बाह्य हार्ड डिस्क आलटून पालटून वापरायच्या, आणि काम झाले की वायर काढून ठेवायची.

बॅकअप परत आणून पाहणे हे घेण्याइतकेच महत्त्वाचे आहे. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याच्या हातून चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला, तेव्हा बॅकअपच्या पाचही पद्धतींपैकी एकही भरवशाची नसल्याचे लक्षात आले. सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी घेतलेली एक प्रत हाती होती म्हणून निभावले. तज्ज्ञांच्या घरी हे घडू शकते, तर आपण दर महिन्याला निदान एक फोल्डर आणि दर सहा महिन्यांनी हिशेबाची संपूर्ण माहिती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिलीच पाहिजे. किती वेळ लागला तेही लिहून ठेवावे, कारण संकटाच्या दिवशी सगळे जण तेच विचारतात.

अपडेटविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ती आपोआप होऊ द्यावीत. वॉनाक्राय या रॅन्समवेअरने विंडोजमधल्या ज्या त्रुटीतून १२ मे २०१७ रोजी जगभर थैमान घातले, त्या त्रुटीवरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजीच दिली होती. राउटर आणि कॅमेऱ्यांचे कारखान्यातून आलेले पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावेत, आणि पाहुण्यांचे वायफाय वेगळे ठेवावे. विंडोज १० चे नेहमीचे सहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे, तेव्हा त्यावर अजून बिले बनत असतील तर तो संगणक बदलण्याच्या यादीत वर घ्यावा.

आपल्या किल्ल्या दुसऱ्यांच्या हातातही असतात. हिशेबनीस, संकेतस्थळ बनवणारा, दुरून संगणक दुरुस्त करणारा, या प्रत्येकाचे स्वतंत्र लॉगिन असावे आणि काम नसताना ते बंद असावे. माझ्या पेशातल्या माणसांनाही हे लागू आहे. २०२१ च्या जुलैमध्ये कासेया या कंपनीच्या, दुरून संगणक सांभाळण्याच्या सॉफ्टवेअरमधून रॅन्समवेअर पसरले तेव्हा सुमारे ८०० ते १,५०० व्यवसायांना फटका बसला, आणि त्यांतल्या अनेकांनी कासेयाचे नावही ऐकलेले नव्हते. ते सॉफ्टवेअर वापरत होते त्यांचे संगणक सांभाळणारे लोक. म्हणून माझ्यासारख्याला कामावर ठेवताना त्याच्याकडे तुमच्या कोणकोणत्या किल्ल्या आहेत आणि त्या तो कशा जपतो, हे निःसंकोच विचारा. डोमेन तर नेहमी व्यवसायाच्या स्वतःच्या नावावर आणि मालकाच्या ताब्यातल्या ईमेलवर नोंदलेले असावे. एका ग्राहकाचे डोमेन संकेतस्थळ बनवणाऱ्याच्या खासगी ईमेलवर नोंदलेले होते आणि तो माणूस काम सोडून गेलेला होता. मुदत संपली तेव्हा नूतनीकरणाच्या सूचना कोणालाच दिसल्या नाहीत, आणि पत्ते बंद पडून तीन दिवस एकही ईमेल आले नाही. कर्मचारी नोकरी सोडतो त्या दिवशी त्याची खाती बंद करण्याचे कामही नेमून दिलेल्या एकाच माणसाकडे असावे, आणि त्यासाठी तो सुरुवातीचा कागदच उपयोगी पडतो.

त्या कागदाची एक प्रत काढून तिच्या मागच्या बाजूला बँकेचा, इंटरनेट कंपनीचा, संगणक सांभाळणाऱ्याचा आणि विमा असल्यास विमा कंपनीचा फोन क्रमांक हाताने लिहावा. रॅन्समवेअर आलेल्या सकाळी संपर्कांची यादीही त्या कुलूपबंद संगणकातच असते. त्याखाली पहिली तीन कामे लिहावीत: इंटरनेटची जोडणी तोडा, यंत्र बंद करून पुरावा पुसू नका, बॅकअपची डिस्क जोडू नका. आज संध्याकाळपर्यंत हा कागद तयार होऊ शकतो. तो लिहून बॅकअपच्या पासवर्डसोबत कुलपात ठेवावा, आणि ते कुलूप कोठे आहे हे मालकाखेरीज आणखी एका माणसाला सांगून ठेवावे.