मुलूझच्या गिरणीतल्या गाड्या

बाझेलहून मुलूझला रेल्वेने जायला अर्धा तासही लागत नाही. स्वित्झर्लंड कधी संपलं आणि फ्रान्स कधी लागलं, हे खिडकीतून बघूनही कळत नाही. १९७६ साली दोन भाऊ उलट दिशेने, मुलूझकडून बाझेलला पळाले होते. मागे राहिल्या होत्या डबघाईला आलेल्या गिरण्या, कामावरून कमी केलेले कामगार आणि कुलूप लावलेली एक इमारत. मला बघायची होती ती ही इमारत.

स्टेशनसमोरून ट्राम मिळते आणि थांब्याचं नावच मोटारींच्या संग्रहालयावरून पडलंय, त्यामुळे चुकायला वाव नाही. तरी मी एक थांबा आधी उतरलो आणि पावसात चालत गेलो, तो भाग सोडून देऊ.

हान्स आणि फ्रित्झ श्लुम्फ यांचा जन्म इटलीतला, वडील स्विस आणि आई मुलूझची. दोघांनी लोकरीच्या धंद्यात बख्खळ पैसा केला, एकामागून एक गिरण्या घेतल्या. धाकट्या फ्रित्झला बुगाटी कंपनीच्या मोटारींचं वेड होतं. वेड म्हणजे किती? बुगाटी-मालकांच्या याद्या मिळवून त्याने जगभर पत्रं धाडली, ‘गाडी विकायची आहे का?’ म्हणून. मुलूझमधली एक जुनी गिरणी घेऊन तिच्यात तो या गाड्या गुपचूप भरत राहिला. सुतार, जीनगर, यंत्रज्ञ असे कारागीर ठेवून त्याने त्या दुरुस्त करून घेतल्या. बाहेर कुणाला फारसा पत्ता नव्हता.

आत पाऊल टाकलं आणि मी पाचेक मिनिटं गाड्यांकडे बघितलंच नाही. दिव्यांच्या खांबांकडे बघत राहिलो. पॅरिसच्या तिसऱ्या अलेक्झांडर पुलावर जसे नक्षीदार खांब आहेत तसेच, शेकड्यांनी, रांगेत उभे. वर कारखान्याचं छप्पर, खाली बागेतल्या वाटा आणि वाटांच्या दुतर्फा गाड्या. एखाद्या गिरणीमालकाला स्वतःच्या मालकीचं शहर हवं असतं, तर ते असंच दिसलं असतं. या शहरात माणसं तेवढी नाहीत. फ्रित्झने हे सगळं आईला, जानला, अर्पण केलं होतं. हे वाचून राग करावा की गहिवरावं ते मला ठरवता आलं नाही.

चारशेच्या वर गाड्या आहेत, त्यातल्या शंभराहून जास्त नुसत्या बुगाटी. सगळ्या बघायच्या ठरवल्या तर एकही बघून होत नाही. मी सरळ रॉयालकडे गेलो.

बुगाटी टाइप ४१, म्हणजे रॉयाल. बॉनेटपासून शेपटीपर्यंत मी बाजूने चालत गेलो तेव्हा माझी नऊ पावलं भरली. वजन तीन टनांच्या आसपास. आठ सिलिंडरांचं इंजिन, १२.७ लिटरचं. रेडिएटरच्या टोकावर मागच्या पायांवर उभा राहिलेला हत्ती आहे. या गाड्यांचा कर्ता एत्तोरे बुगाटी, त्याचा धाकटा भाऊ रेम्ब्रांट हा प्राण्यांची शिल्पं करणारा मोठा शिल्पकार, त्याने १९१६ साली आयुष्य संपवलं. त्याच्याच शिल्पावरून हा हत्ती घेतलेला आहे. एवढ्या अवाढव्य गाडीवर थोरल्या भावाने धाकट्याची आठवण इतक्या लहान आकारात ठेवावी, याचं मला फार अप्रूप वाटलं.

पंचवीस रॉयाल करायचा बेत होता. गिऱ्हाईक म्हणून डोळ्यांसमोर राजेरजवाडे. पण तोवर १९२९ची मंदी येऊन आदळली. शेवटी सहा गाड्या राहिल्या, त्यातल्या तीनच विकल्या गेल्या आणि एकही कुठल्या राजाने घेतली नाही. इथे आहे ती ‘कूपे नेपोलियन’ खुद्द एत्तोरेच्या घरची. हिच्या मागच्या भागात मालकासाठी गुबगुबीत आसनांची बंद खोली, आणि पुढे शोफर बसतो त्या जागेवर टपच नाही. पाऊस आला तर ज्याच्या हातात गाडी आहे तोच भिजणार. (मी नुकताच भिजून आलो होतो, म्हणूनही हे लक्षात आलं असेल.)

तिच्याच सोबतीला आणखी एक रॉयाल आहे आणि तिच्यापाशी माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. आर्मां एस्देर्स नावाच्या कपड्यांच्या व्यापाऱ्याने पहिली रॉयाल विकत घेतली. उघडी, दोन माणसांची आणि हेडलाइट नसलेली, कारण आपण रात्री गाडी चालवत नाही असं त्याचं म्हणणं. पुढे तिची बॉडी उतरवली गेली आणि बिंडर या कोचबिल्डरने त्याच सांगाड्यावर वेगळीच बॉडी चढवली. त्या काळी अशा बड्या गाड्यांचं हे नेहमीचंच होतं: कारखान्याने सांगाडा आणि इंजिन द्यायचं, अंगरखा दुसऱ्याने शिवायचा, हौस फिटली की बदलायचा. मुलूझमध्ये दिसते ती एस्देर्सची गाडी रॉयालचे मूळ सुटे भाग वापरून नंतर उभी केलेली प्रतिकृती आहे. म्हणजे सांगाडा खरा, तिथे रूप बदललेलं. आणि रूप पहिल्यासारखं, तिथे सांगाडा नंतरचा.

बाजाराचा कौल मात्र स्पष्ट असतो. संग्राहक आधी सांगाड्यावरचा नंबर बघतात, मग इंजिनाचा, मग दोन्ही कारखान्यातून एकत्रच निघाले होते का ते. मग मालकांची साखळी: कुणाकडून कुणाकडे, मधली कडी तुटलेली नाही ना. अशा किती झाल्या, बॉडी कुणाची, शर्यतीत धावली का, हेही. गाडी किती सुंदर आहे हा प्रश्न कितीतरी मागून येतो. पत्र्यापेक्षा कागद महाग.

या कागदांचे भाव कसे चढले, हे इथल्याच तिसऱ्या रॉयालवरून कळतं. ही पार्क वॉर्डची बॉडी असलेली लिमोझिन. फ्रित्झने १९६४ साली अमेरिकेतल्या इलिनॉयच्या एका संग्राहकाकडून तीस बुगाटी एकगठ्ठा घेतल्या, त्यांत ही होती. तिसांचे मिळून ८५,००० डॉलर. गाडीमागे तीन हजारही पडले नाहीत! उघड्या रेल्वे वाघिणींवर लादून त्या बंदरापर्यंत नेल्या. आणि १९८७ साली लंडनच्या लिलावात केल्नरची बॉडी असलेली एकच रॉयाल ५५ लाख पौंडांना गेली.

आता तर तेही स्वस्त वाटावं. मे २०२२ मध्ये श्टुटगार्टला मर्सिडीजची १९५५ची ३०० एसएलआर ऊलेनहाउट कूपे साडेतेरा कोटी युरोंना विकली गेली. अशा दोनच बनल्या होत्या. त्याआधी, २०१५ साली पॅरिसमध्ये बायों कुटुंबाच्या शेडमध्ये कित्येक वर्षं पडून राहिलेल्या गाड्यांचा लिलाव झाला. एकेकाळी आलँ दलों या नटाकडे असलेली फेरारी जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली सापडली होती, ती १ कोटी ६३ लाख युरोंना गेली, धुळीसकट. कारण गाडी नव्याने रंगवता कितीही वेळा येते, अस्सल एकदाच असते. फ्रित्झच्या कारागिरांनी लखलखीत केलेल्या गाड्यांपुढे उभं राहून मला ही धूळ आठवत होती. आजचा संग्राहक त्याला म्हणाला असता, अरे, पुसलंस कशाला?

कामगार या इमारतीत शिरले ते मार्च १९७७ मध्ये. आपल्याला कामावरून काढताना धंद्यात पैसा नाही असं ऐकवलं गेलं होतं, आणि इथे हे शहर! एक ऑस्टिन सेव्हन त्यांनी जाळली. चारशे गाड्यांतली बहुधा सगळ्यात गरीब तीच असावी. रागातसुद्धा त्यांनी रॉयालला हात लावला नाही. मग त्यांनी इमारतीला ‘कामगारांचा कारखाना’ असं नाव दिलं आणि दोन वर्षं ताबा ठेवून लोकांना हा खजिना दाखवला. १९७८ साली सरकारने संग्रह ऐतिहासिक ठेवा म्हणून जाहीर केला, त्यामुळे तो फोडून विकता आला नाही. पुढे ४ कोटी ४० लाख फ्रँकांना तो एका संस्थेने घेतला आणि १९८२ साली संग्रहालय रीतसर उघडलं. जगात ज्यांच्यासाठी कोट्यवधी मोजले जातील अशा गाड्या इथे आहेत आणि त्यांना भावच नाही, कारण त्या विकाऊ नाहीत. मला ही जागा आवडण्याचं एक कारण हेही.

दुपारी ट्राम बदलून मी त्याच गावातल्या रेल्वे संग्रहालयात गेलो. मोटारी बघायला आलेली माणसं सहसा इथे येत नाहीत, आणि रॉयालची गोष्ट तर अर्धी इथेच आहे. न विकलेल्या गाड्यांसाठी केलेली इंजिनं बुगाटीने वाया जाऊ दिली नाहीत. १९३३पासून त्याने ती रेल्वेच्या डब्यांत बसवली, मोठ्या डब्यात चार-चार, आणि हे स्वयंचलित डबे फ्रान्सभर वेगाने धावू लागले. राजांनी पाठ फिरवली तेव्हा तिकीट काढलेल्या प्रवाशांनी कारखाना तगवला. त्यातला एक डबा इथे उभा आहे.

त्याच्याभोवती दोनदा फिरलो तरी ड्रायव्हरची जागा सापडेना. पुढे नाही, मागे नाही. मग मान वर केली. छपराच्या मधोमध काचेची एक छोटी खोली आहे, सगळ्या प्रवाशांच्या डोक्यावर. इंजिनं खाली, चालवणारा वर, आणि त्याच्या डोक्यावर छप्पर.