डब्यातली धूळ

चंद्रपुरात राहणाऱ्याला धुळीची ओळख करून द्यावी लागत नाही. गावाभोवती कोळशाच्या खाणी, औष्णिक वीज केंद्र, जरा पलीकडे सिमेंटचे कारखाने. सकाळी पुसलेल्या टीपॉयवर संध्याकाळी बोटाने नाव लिहून घ्या. पुण्याचे पाहुणे पहिल्या दिवशी हसतात. दुसऱ्या दिवशी दोरीवर रात्रभर राहिलेला आपला पांढरा बनियन हातात घेऊन बघत बसतात, आणि मग परतीचं तिकीट कधीचं आहे ते आपणहून सांगतात.

पण टीपॉयवरची धूळ निदान दिसते. घरातली खरी धूळ साठते ती टेबलाखाली, पायाशी ठेवलेल्या त्या काळ्या डब्यात. कपाट, फ्रिज, देव्हारा यांच्यावर धूळ येऊन बसते. कॉम्प्युटर तिला ओढून आत घेतो. मागचा पंखा गरम हवा बाहेर फेकतो, तेवढीच हवा पुढच्या जाळीतून, बाजूच्या फटीतून, न वापरलेल्या यूएसबीच्या भोकातूनसुद्धा आत शिरते. आणि डबा असतो जमिनीवर. म्हणजे झाडू मारताना जे उडतं ते थेट त्याच्या नाकाशी.

तो उघडून बघण्यासारखा असतो. मागचे दोन स्क्रू काढले, पत्रा मागे सरकवला की आधी एक वास येतो, तापलेल्या मातीचा. मग दिसतो प्रोसेसरवरचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य चिपवरचा पंखा. त्याच्या पात्यांची पुढची कड, म्हणजे हवा कापणारी कड, काळी कुळकुळीत झालेली असते आणि मागची बाजू त्या मानाने स्वच्छ. छताच्या पंख्याचंही तेच. इतक्या जोरात फिरणाऱ्या पात्यावर धूळ टिकतेच कशी, हा प्रश्न मला लहानपणापासून छळायचा. उत्तर असं की पात्याला अगदी लगटून असलेला हवेचा पातळ थर पात्यासोबतच फिरतो. पात्याच्या लेखी तिथे वारा नसतोच. बारीक कण त्या थरात शिरले की त्यांना उडवायला कोणी नाही. वर आमच्या स्वयंपाकघरातल्या फोडणीची वाफ. तेलाचा तो अंश बसला की धूळ नुसती बसत नाही, चिकटते.

पंखा काढला की त्याच्याखाली हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता पसरवणाऱ्या ठोकळ्याच्या, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या दिसायला हव्यात. दिसत नाहीत. पट्ट्यांमधल्या फटी जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या, त्यांच्या तोंडावर एक करडा थर आडवा पसरलेला असतो. चिमट्याने कडेला धरून उचलला तर अख्खा एका तुकड्यात वर येतो. उजेडात धरून बघावा. त्यात काळी पूड आहे, उदबत्तीची राख आहे, गादीचा कापूस आहे, लांब केस आहेत (ते कोणाचे, हे आमच्याकडे सांगून चालत नाही), स्वेटरचा लाल धागा आहे, आणि दिवाळीआधी रंगाऱ्याने भिंतीची पुट्टी घासली त्याची पांढरी भुकटी तर सगळीकडे आहे. गेल्या दोन-चार वर्षांत घरात काय काय झालं याची नोंद डायरीत नसेल, पण या थरात असते.

आता या थराने बिघडतं काय? साधा प्रोसेसर ६५ वॅटचा धरा. आकडा मोठा नाही, पूर्वीच्या पिवळ्या बल्बाएवढा. पण ही सगळी उष्णता नखाएवढ्या चकतीतून बाहेर पडायची असते. हजार वॅटच्या इस्त्रीचा तवा तळहाताहून मोठा असतो. दर चौरस सेंटिमीटरचा हिशेब मांडला तर चिप इस्त्रीला कितीतरी मागे टाकते. ती उष्णता पट्ट्यांत पसरवायची आणि पंख्याच्या वाऱ्याने उडवून लावायची, एवढंच काम. आणि नेमकी वाऱ्याचीच वाट धुळीने बुजवलेली. मग पंखा वेग वाढवतो. आवाज चढतो. हवा मात्र थराला आपटून परत फिरते. चिप नव्वद अंशांच्या पुढे जाते, शंभरच्या आसपास पोचली की स्वतःचा वेग उतरवते, आणि तरीही भागलं नाही तर मशीन बंद करून मोकळी होते.

ही वेग उतरवण्याची सोय इंटेलने २००० साली आलेल्या पेंटियम ४ या चिपमध्ये दिली आणि मला ती फार शहाणपणाची वाटते. तक्रार होते ती तिच्या मुकेपणाची. मशीन कुठेही लिहून दाखवत नाही की बाबा, मला गरम होतंय. नुसतं हळू होतं. आणि कॉम्प्युटर हळू झाला की आपल्याकडे निदान ठरलेलं असतं: व्हायरस. त्यावर औषधही ठरलेलं: फॉरमॅट. मुलीच्या लग्नाचे फोटो, सोसायटीचे हिशेब, सगळं पेनड्राइव्हवर काढायचं, विंडोज नव्याने टाकायची, प्रिंटर परत जोडायचा. पंख्याखालचा थर जिथल्या तिथे. आठ दिवसांनी पुन्हा घरघर.

गंमत म्हणजे पूर्वी याच्या बरोबर उलटं होतं. १९८१ च्या आयबीएम पीसीमधल्या ८०८८ चिपवर ना पंखा होता ना पट्ट्या. तिला कशाचीच गरज नव्हती. चिपच्या डोक्यावर पट्टी-पंखा बसायची पद्धत रुळली ती पुढच्या ४८६ आणि पेंटियम या चिपांच्या काळात. तरी त्या जमान्यात शाळा-कॉलेजातली कॉम्प्युटर लॅब म्हणजे गाभारा. चपला बाहेर, खिडक्यांना जाड पडदे, एसी फक्त तिथेच. घरी पीसी आला तेव्हा आईने मॉनिटर, कीबोर्ड आणि डबा तिघांनाही झालर लावलेली फुलाफुलांची अभ्रे शिवली होती. रात्री काम संपलं की त्यांना पांघरूण घालायचं. प्रेम म्हणून ठीक. पण धुळीचा मोठा भरणा होतो तो मशीन चालू असताना, आणि तेव्हा अभ्रे खुर्चीवर घडी घालून ठेवलेली. आता चिपा भट्टीसारख्या तापतात आणि डबा पायपुसण्याशेजारी उभा असतो.

या धुळीच्या डब्यातच घरातली सगळ्यात स्वच्छ जागाही असते, हे मात्र मला फार आवडतं. जुन्या पद्धतीची हार्डडिस्क असेल तर तिच्या आत चकतीच्या वर वाचणारं डोकं तरंगत असतं, मधलं अंतर काही नॅनोमीटर. माणसाचा केस सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड. उदबत्तीच्या धुराचा कणसुद्धा तिथे धोंडा ठरेल. म्हणून डिस्क बंद पेटीत असते. आतबाहेरचा दाब सारखा राहावा म्हणून एक बारीक भोक, त्याच्यामागे गाळणी, आणि वर सूचना की हे भोक झाकू नका. आजूबाजूला आमचं चंद्रपूर साचलेलं आणि मधोमध ही सोवळ्यातली पेटी.

उन्हाळ्यात सगळंच हाताबाहेर जातं. मे महिन्यात पारा ४६-४७ ला गेला की पंख्याचा कितीही मोठा हीटसिंक लावा, तो चिपला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. मग कॉम्प्युटर कूलरसमोर ठेवावा का, यावर विदर्भात दोन पक्ष आहेत. मी मधला. खोली गार होते ते चांगलंच, पण कूलरची दमट हवा डब्यावर थेट नको. कोरडी धूळ वीज फारशी वाहून नेत नाही. तिच्यातले क्षार ओल धरू लागले की तिचा भरवसा नाही, सर्किटच्या बारीक रेघांवर गंज चढायला तेवढं पुरतं. पावसाळ्यात मशीन मधूनच सुरू व्हायला नकार देतं आणि नुसतं बीप बीप करतं, त्यात या ओलीचा वाटा असतो. त्यावर दुकानातल्या पोरांचा उपाय म्हणजे खोडरबर. रॅमची, म्हणजे तात्पुरत्या मेमरीची, पट्टी काढायची, तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवायचा, फुंकर मारायची, परत बसवायची. चालू होतं! सोन्याचा मुलामा दर वेळी थोडा झिजतो, तेव्हा रोजचा उद्योग करू नये, पण ते दृश्य बघायला मजा येते.

साफसफाई मात्र मी गच्चीवर करवून घेतो. आमच्याकडे येणारा पोरगा ब्लोअर घेऊन येतो आणि आधी वायर काढून बंद मशीनचं बटण दाबून धरतो, उरलीसुरली वीज निघून जावी म्हणून. पंख्याच्या पात्यात पेन्सिल अडकवतो. नाहीतर ब्लोअरच्या झोताने पंखा त्याच्या ताकदीबाहेर फिरतो आणि बेअरिंग जातं. पॉवर सप्लायची पेटी उघडत नाही, तिच्यातले वीज साठवणारे कपॅसिटर वायर काढल्यावरही झटका देऊ शकतात. तिला बाहेरूनच वारा. चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारी, वाळून खडखडीत झालेली पेस्ट पुसून नवी लावतो, वाटाण्याएवढीच. तोंडाला रुमाल बांधून, डोळे बारीक करून त्याने पहिला झोत सोडला की जो काळा लोट उठतो, तो बघून तो दर वेळी तेच म्हणतो, “काका, हे पाहा ना, अर्धी खाण तुमच्या घरीच हाये.”

लोट जातो शेजारच्या गच्चीवर. तिथे वहिनींचं वाळवण असतं, म्हणून आता आधी फोन करून विचारावं लागतं.

खाली आणून लावल्यावर पंख्याचा आवाज ऐकायला कान द्यावा लागतो. तापमान नव्वदवरून साठ-पासष्टवर येतं. वेग? चिप तापून मंदावत असेल तर लगेच जाणवतो. पण रॅमच कमी असेल, किंवा ब्राउझरमध्ये चाळीस टॅब उघडून ठेवायची सवय असेल, तर ब्लोअर तिथे काय करणार. माझा मुलगा गेम सुरू करून बघतो, मान हलवतो आणि म्हणतो, “बाबा, धूळ नव्हतीच. ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागेल.” पोराने ब्लोअरची वायर गुंडाळता गुंडाळता लगेच त्याची बाजू घेतली. कार्ड त्याच्याच दुकानात मिळतं.