बायोस अद्ययावत करावे की नाही?

धाकट्या भावाच्या संगणकात रायझन ५६०० हा एएमडीचा प्रोसेसर बसवायचा असल्यामुळे मदरबोर्डाचे बायोस (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारे, बोर्डावरच्या चिपमध्ये साठवलेले सॉफ्टवेअर) अद्ययावत करावे की नाही, यावर आज आमच्या घरी बराच खल झाला. बोर्ड बी४५० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे प्रोसेसरला इतर भागांशी जोडणारी बोर्डावरची चिप), म्हणजे २०१८ च्या पिढीतला. रायझन ५००० मालिका २०२० च्या अखेरीस आली, त्यामुळे जुन्या बायोसला हा प्रोसेसर ओळखताच येत नाही आणि पडदा काळाच राहतो. सगळे सुरळीत चालू असताना केवळ नवी आवृत्ती निघाली म्हणून बायोसला हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे. इथे मात्र कारण सबळ होते. खरी धास्ती विजेची, कारण चिपवर लेखन चालू असताना वीज गेली तर बोर्ड बहुधा सुरूच होत नाही, आणि भांडुपला पावसात दिवे कधी जातील याचा भरवसा नसतो. म्हणून आधी यूपीएस पूर्ण चार्ज केला, बोर्डावर बारीक अक्षरांत छापलेले मॉडेल आणि आवृत्ती नव्या बायोसच्या फाइलशी ताडून पाहिली, आणि जुना प्रोसेसर जागेवर ठेवूनच एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवरून अद्ययावतीकरण केले. त्यानंतर सेटिंग्ज मूळपदावर गेल्याने रॅमचे एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग) पुन्हा चालू करावे लागले. प्रोसेसर उद्या सकाळी बसवू.